बिनसहीचं चित्र

दिल्लीहून परत येऊन पाच महिने झाले. आमच्या बैठकीच्या खोलीत आता एक चित्र टांगलेलं आहे. येणारा माणूस त्याच्यासमोर जरा थबकतो, मग बसतो, चहा घेतो आणि कप खाली ठेवताना न राहवून विचारतो, "हे नेमकं काय आहे हो?" मी म्हणतो, "माझा संग्रह." परवा एका पाहुण्यानं विचारलं, एकाच चित्राचा संग्रह असतो का? असतो. एवढ्यावर थांबलेला असतो. तो कसा सुरू झाला आणि कसा थांबला ते लिहून ठेवतो, म्हणजे दिल्लीला जाऊन चित्रं घ्यायची ज्यांना हौस असेल त्यांना उपयोग होईल.

मी सांगलीत चष्म्याचं दुकान चालवतो. तीस वर्षं लोकांना "आता दिसतंय का, आता?" असं विचारण्यात गेली. चित्रांशी संबंध दुकानातल्या कॅलेंडरापुरता. गेल्या वर्षी आमच्या एका डॉक्टर गिऱ्हाइकाची वास्तुशांत झाली. जेवणं झाल्यावर त्यांनी मला भिंतीभिंतीने फिरवलं. "हे माझं कलेक्शन," ते म्हणाले, आणि ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मला फार आवडला. घरी येऊन मी आमच्या भिंती बघितल्या. पतपेढीचं कॅलेंडर, मुलाचं पोहण्याचं पदक, आणि काचेच्या कंपनीने भेट दिलेलं चष्म्याच्या आकाराचं घड्याळ.

"आपणही सुरू करू या," मी वंदनाला म्हटलं.

"आधी ती ओल बघा कपाटामागची," आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. त्या शाळेत मराठी शिकवतात. माझी वाक्यं तपासल्यासारखी ऐकतात.

मग दुपारच्या मोकळ्या वेळात दुकानात बसून मी मोबाईलवर शिक्षण घेतलं. नवख्याने काय करावं हे सांगणारी मंडळी पुष्कळ आहेत. स्वतःच्या डोळ्यांना आवडेल तेच घ्या, शक्यतो चित्रकाराच्या हातून घ्या, सही बघून घ्या, कागद मागा आणि चित्रकार काम करत असेल तर मध्ये तोंड घालू नका. हे शेवटचं मी वहीत अधोरेखित करून ठेवलं होतं.

दिल्ली ठरली ती दोन कारणांनी. तिथे हिवाळ्यात चित्रांचं मोठं प्रदर्शन असतं, आणि तिथे माझे दत्तामामा राहतात. मामांना भेटून अकरा वर्षं झाली होती. कुणी विचारलं तर वंदना कारणं सांगताना मामांना आधी घ्यायची. मी घेत नव्हतो.

कोपर्निकस मार्ग

निजामुद्दीनला गाडी धुक्यामुळे सहा तास उशिरा पोचली. त्या सहा तासांत काही झालं नाही, म्हणून पुढे जातो. उतरायची सोय कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्राच्या जुन्या सदनात झाली होती. त्यासाठी शिफारशीच्या एका पत्राला तीन गावं फिरून यावं लागलं, पण खोलीत आल्याआल्या शेजारून कुणीतरी "अगं, गिझर लागत नाहीये!" असं ओरडलेलं ऐकलं आणि हायसं वाटलं.

जानेवारीतली दिल्ली राखाडी असते. सकाळी सूर्य चहाच्या बशीसारखा दिसतो, तो धुक्यामुळे की धुरामुळे हे विचारलं तर दिल्लीकर "दोन्ही" म्हणतात आणि खोकतात. पण दुपारी तासभर ऊन पडलं की सगळं शहर बाहेर येतं. साहेब, शिपाई, बायका, म्हातारे गवतावर, गच्चीवर, दुभाजकावरसुद्धा पाठ उन्हाला देऊन बसतात आणि शेंगा फोडतात, संत्री सोलतात. आपल्याकडे ऊन म्हणजे टाळायची गोष्ट. इथे लोक ते वाढून घेतात.

प्रदर्शनात माझी पहिली फजिती झाली ती अशी, की एका चित्रासमोर मी पाच मिनिटं मान तिरकी करून उभा राहिलो आणि ते अग्निशमनाचं कपाट निघालं. दुसऱ्या वेळी किंमत विचारली. किंमत ऐकून वंदनाने माझा कोपर धरला तो बाहेर येईपर्यंत सोडला नाही. मात्र दक्षिण दिल्लीतल्या एका छोट्या गॅलरीत अवनी नावाची मुलगी भेटली. पंचविशीची, हातमागाची साडी, बोलणं शांत. मी काही घेणार नाही हे तिने बघताक्षणी ओळखलं असावं, तरी खुर्ची दिली, चहा दिला. मी विचारलं, सही नसलेलं चित्र घ्यावं का?

"पसंद हो तो ज़रूर लीजिए अंकल," ती म्हणाली. "पर साइन नहीं है तो कल कौन मानेगा किसका काम है? आर्टिस्ट ज़िंदा हैं तो साइन करवा लीजिए. दो मिनट का काम है."

मी तेही वहीत लिहिलं.

वैशाली

दत्तामामा सरकारात चित्रकार होते. आरोग्याच्या खात्यात भित्तिपत्रकं आणि प्रदर्शनातले फलक रंगवायचे. हात धुणारी मुलं, उकळतं पाणी, सगळ्यात जास्त डास. मोठे, माणसाएवढे डास, पायावर पांढऱ्या पट्ट्या. सरकारी चित्राखाली चित्रकाराने सही करायची नसते. मामांनी तो नियम घरीसुद्धा पाळला. स्वतःसाठी जे थोडं काढलं, त्याच्यावरही कधी नाव घातलं नाही. नोकरीभर आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये राहिले, निवृत्तीनंतर गाझियाबादकडे वैशालीला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. सदनाजवळच्या मंडी हाऊसहून निळी मेट्रो थेट शेवटपर्यंत जाते.

दार मामींनी उघडलं. वाळून अर्ध्या झाल्या होत्या. "अरे सुधीर! अच्छा, आधी आत या, बाहेर हवा वाईट आहे." आणि मग हळूच, "ते ओळखणार नाहीत हं. वाईट वाटून घेऊ नकोस."

मामा खुर्चीत स्वेटरवर स्वेटर घालून बसले होते. मी वाकून नमस्कार केला तशी ते धडपडत उठून उभे राहिले. "नमस्ते साहब. पैनल कल तक हो जाएगा साहब."

मला त्यांनी खात्यातला साहेब केला होता. पुढचे चार दिवस मी साहेबच राहिलो. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी गंमत वाटली.

जेवायला भरली वांगी होती. दिल्लीची वांगी भलीमोठी, म्हणून मामी त्यांच्या फोडी करून मसाला वर लावतात. "भरायला लहान मिळतच नाहीत इथे," म्हणाल्या. चाळीस वर्षं तेच वाक्य असणार. मी तिसरी पोळी घेताना समोर बघितलं आणि फ्रिजच्या वरच्या भिंतीवर ते चित्र दिसलं.

गच्ची. हिवाळ्यातलं ऊन. एक मुलगी आपल्याकडे पाठ करून बसलेली. न्हालेले केस पाठीवरून खाली जमिनीपर्यंत सोडलेले, एका केसात ऊन अडकलेलं. बाजूला स्टीलच्या ताटलीत संत्र्याची सालं. एक सपात पायातून निसटलेली. बाकी काही नाही. पण त्या पाठीकडे बघून वाटत होतं, आता ही वळेल.

तीन दिवस बघितलेल्या सगळ्या चित्रांत मला पहिल्यांदाच काहीतरी दिसलं. वहीत लिहिलेलं पहिलं कलम जुळलं होतं.

आमच्याकडे भाच्याचा मान मोठा. मामाच्या घरून त्याला रिकामं पाठवायचं नाही, आणि त्याने मागितलं तर नाही म्हणायचं नाही. मामींनी माझ्यासाठी शर्टपीस आणि नारळ काढून ठेवलेला मला येतानाच दिसला होता. पन्नाशी उलटलेला, केसांना कलप लावणारा भाचा लाडात आला.

"मामी, शर्टपीस नको. मला ते चित्र द्या."

मामींचा डाव आमटीच्या पातेल्यावर तसाच राहिला. "ते?"

"हो. कोण आहे ती?"

"आहे कुणीतरी," त्या म्हणाल्या. मग वंदनाच्या पानात आमटी वाढली, माझ्या वाढली, झाकण ठेवलं. "घे की. भाच्याला नाही म्हणतात होय?"

मामा ताटातलं वांगं चमच्याने एका बाजूला लोटत होते. चित्राकडे कुणाचं लक्ष नाही, असं मला वाटलं.

"पण सही लागेल मामांची," मी म्हटलं. "परवा येतो. रंग-ब्रश मीच आणतो."

परतीच्या मेट्रोत वंदनाने विचारलं, "मामींचा चेहरा बघितलात?"

"म्हाताऱ्या झाल्या गं."

"ते चित्र नका घेऊ."

"का?"

"माहीत नाही. नका घेऊ." खिडकीतून यमुना गेली, काळी, वर फेस. "मागून मोकळे झालात तुम्ही, आता मी काय बोलणार."

पहाडगंज

दुसऱ्या दिवशी रंग घ्यायला पहाडगंजला गेलो. स्टेशनसमोरच्या गल्लीत हॉटेलांच्या पाट्या एकमेकींच्या डोक्यावर चढलेल्या, आणि त्यांच्या पोटात ठोक मालाची दुकानं. छोले-भटुरे खाऊन एका कागद-रंगवाल्याकडे शिरलो. सही करायला काळा रंग आणि बारीक ब्रश द्या म्हटलं.

"ऑइल लोगे तो हफ़्ता सूखता रहेगा भाईसाहब. गाड़ी कब की है?"

"दोन दिवसांनी," हे मी हिंदीत सांगितलं.

"तो ये ॲक्रिलिक लो. चाय ख़त्म होने से पहले सूख जाएगा."

मला हा माणूस फार हुशार वाटला. मग सवयीप्रमाणे घासाघीस केली. तो किंमत कमी करेना, मी हलेना. शेवटी त्याने पांढऱ्या रंगाची एक मोठी ट्यूब आणि बोटभर रुंद ब्रश माझ्या पिशवीत टाकला. "ये मेरी तरफ़ से. सफ़ेद के बिना कोई रंग काम का नहीं."

सदनात येऊन मी वंदनाला ती ट्यूब कौतुकाने दाखवली. "फुकट," म्हटलं.

पुन्हा वैशाली

सहीच्या दिवशी वंदना आर. के. पुरमला मैत्रिणीकडे गेली. मी एकटाच वैशालीला गेलो. मामींनी चित्र खाली काढून जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवलं होतं. कपड्याने पुसलेलंही होतं. "मी शिरा करते," म्हणाल्या आणि आत गेल्या. आत जाताना दार ओढून घेतलं.

मी ब्रश मामांच्या हातात दिला. त्यांचा हात बघण्यासारखा होता. चहाचा कप धरताना थरथरणारा तो हात ब्रश धरल्याबरोबर थांबला.

"साइन कीजिए मामाजी," मी म्हटलं.

ते घाबरले. "साइन नहीं करते साहब. मना है."

मी दोनदा समजावलं. मग मला सुचलं, आणि सुचल्याचा मला आनंदही झाला. मी ताठ बसलो, आवाज जड केला. "मैं परमिशन देता हूँ."

मामांनी माझ्याकडे बघितलं. "ऑर्डर है?"

"ऑर्डर है."

त्यांनी खाली उजव्या कोपऱ्यात नाव घातलं. देवनागरीत, फलकावरच्या अक्षरांसारखं घोटीव. मी मोबाईलवर फोटो काढला. ब्रश घ्यायला हात पुढे केला, पण मामा चित्राकडे बघत होते. पहिल्यांदाच नीट बघत होते.

"थंडी वाजत असेल हिला," ते मराठीत म्हणाले. इतक्या दिवसांतलं त्यांचं पहिलं मराठी वाक्य.

त्यांनी पिशवीतून पांढरी ट्यूब काढली, रुंद ब्रश काढला. आधी तिच्या पायांवर, मग मांडीवर, मग पाठीवर. घाई नाही. कडा नीट दाबत, घडी बसवत. मी समोर बसलो होतो. माझ्या हाताच्या अंतरावर. थांबवावं असं क्षणभर वाटलं, पण मी अधोरेखित केलं होतं ना, चित्रकार काम करत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. उलट मनात म्हटलं, नशीब बघा, चित्रकार माझ्या डोळ्यांदेखत शेवटचा हात फिरवतोय. असं भाग्य डॉक्टरांनाही मिळालं नसेल. मी आणखी पाच फोटो काढले. पांढरा रंग खांद्यावरून केसांवर गेला आणि डोक्यावरून पार झाला. मग मामांनी ब्रश वर्तमानपत्रावर आडवा ठेवला आणि डोळे मिटून खुर्चीत मागे टेकले.

मामी शिरा घेऊन आल्या.

"बघा मामी," मी म्हटलं, "मामांनी स्वतः शेवटचा हात फिरवला!"

त्यांनी बशी टेबलावर ठेवली. चित्राकडे बघितलं. खुर्ची मागे सरकवून बसल्या. "झालं?" म्हणाल्या.

"झालं. वाळवतो जरा."

मी ते चित्र बाल्कनीत उन्हाला नेऊन ठेवलं आणि पापड उलटावा तसं दोनदा फिरवलं. मग शिरा खाल्ला. चांगला झाला होता. मामी मला दुसऱ्यांदा वाढत होत्या. निघताना म्हणाल्या, "आज राहू दे इथे. उद्या वंदनाला घेऊन ये. हळदीकुंकू लावल्याशिवाय कशी पाठवू तिला?"

संध्याकाळी मी वंदनाला सहा फोटो दाखवले. तिने पहिला मोठा करून बघितला. ते केस बघितले.

"ही नीलू आहे," ती म्हणाली.

नीलू म्हणजे मामांची मुलगी. आपल्या लग्नाला आली होती, वंदना सांगत होती, बायका तिचे केस बघायला येत होत्या, तुमच्या आईने तिची दृष्ट काढली होती. मला आठवत होतं ते एवढंच, की मामांना एक मुलगी होती आणि ती कॉलेजात असताना डेंगूने गेली. मी तेव्हा दिल्लीला आलो नव्हतो. दुकानाचं नूतनीकरण चालू होतं.

निघायच्या आधीची सकाळ

सातच्या सुमाराला पोचलो. दार नुसतं लोटलेलं होतं. मामींनी चित्र परत फ्रिजवरच्या खिळ्याला लावलं होतं. त्याच्यासमोर स्टुलावर मामा उभे होते आणि मामी त्यांचे पाय धरून खाली उभ्या होत्या. मामा नखाने चित्राची कड खरवडत होते.

"डोक्यापर्यंत चादर कुणी ओढली हिला? बस चुकेल हिची. नीलू!"

आम्ही दोघांनी त्यांना खाली उतरवलं. त्यांच्या नखात पांढरं गेलं होतं. मामी वंदनाशी बोलल्या, माझ्याकडे बघितलं नाही. "रोज सकाळी सातला हाक मारतात तिला. नीलू, ऊठ, बस चुकेल. मी म्हणते, उठतेय, न्हालीय बघा, केस वाळवतेय. की मग शांत बसतात दिवसभर. चहा घेतात, जेवतात. ती गेल्याचं विसरले, ते बरं झालं म्हणायची मी." पदराने मामांची नखं पुसत होत्या. "आयुष्यभर डास काढले यांनी."

"मामी, तुम्ही मला सांगायचं होतं," मी म्हटलं. हे वाक्य म्हणायला मला लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली.

"तू मागितलंस," मामी म्हणाल्या.

मामांचं लक्ष माझ्याकडे गेलं. ते उठायला लागले, उठले, हात जोडले. अदब सुटली नव्हती. "साहब, ये किसके ऑर्डर से हुआ?"

वंदना माझ्याकडे बघत होती.

"मेरे," मी म्हटलं.

मामांनी मान खाली घातली. "फिर ठीक है साहब," म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले.

मी चित्र ठेवून जायला निघालो. मामी जिन्यापर्यंत मागे आल्या, काखेत चित्र, हातात शर्टपीस, नारळ. "घेऊन जा. हे इथे नको. रोज बघतील आणि रोज विचारतील." मी नको म्हणत होतो. "भाचा ना तू? घे म्हणतेय ना." वंदनाला कुंकू लावायचं राहिलंच.

सांगली

अवनीला गाडीतूनच फोन लावला होता. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, पहिल्या पाच-दहा मिनिटांत ओल्या फडक्याने पुसलं असतं तर निघालं असतं. आता दुरुस्त करणारे लोक आहेत, पण खात्री कुणी देणार नाही. आणि जुन्या तेलरंगावर हा रंग नीट धरत नाही. कधीतरी त्याचे पोपडे सुटतील. खालचं ठेवून सुटतील की घेऊन, ते सांगता येत नाही. "हाथ मत लगाइएगा अंकल. बस टाँग दीजिए."

म्हणून टांगलंय. वंदना त्याच्यावरची धूळ झटकत नाही. पांढऱ्या रंगाच्या बाहेर एक सपात आणि संत्र्याची सालं तेवढी दिसतात, आणि कोपऱ्यात सही. सही अगदी स्पष्ट आहे. संग्रह करणाऱ्याला आणखी काय हवं?

अवनीने म्हटलं होतं ते मी मामींनाही कळवलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. हवेबद्दल बोलतात, गुडघ्याबद्दल बोलतात. मामा आता सातला हाक मारत नाहीत. खिळ्यासमोर जाऊन उभे राहतात आणि परत येतात. जेवण निम्म्यावर आलंय. आणि फोन ठेवायच्या आधी मामी विचारतात, "पडलं का रे काही?"

गेल्या गुरुवारी दुकानाला जाताना चित्राखालच्या कपाटावर नखाएवढा पांढरा कपचा दिसला. मी दुकानात जाऊन भिंग घेऊन परत आलो. स्टुलावर चढलो. खांद्याच्या वर, जिथे केस असायला हवेत तिथे, कपचा सुटला होता. आत कोरं विणलेलं कापड होतं. कपचा उलटा करून भिंगाखाली धरला. मागच्या बाजूला काळा रंग होता, आणि त्यात उन्हाची एक बारीक रेघ.

तो मी चष्म्याच्या डबीत ठेवलाय.

रविवारी मामींचा फोन आला. हवा, गुडघा, आणि मग, "पडलं का रे काही?"

"नाही मामी," मी म्हटलं. "अजून काहीच नाही."